बेल चालू आहे, वाजवू नये

कर्वेनगरात सरांच्या छोट्या बंगल्याच्या फाटकावर एक पाटी होती. ‘बेल चालू आहे. वाजवू नये. टाळ्या वाजवाव्यात.’ पुण्यात पाटीचं कोणाला अप्रूप नसतं. फाटकासमोर गाडी लावू नये, शेजाऱ्यांचा पत्ता विचारू नये, फुलं तोडू नयेत, असं वाचत वाचतच आम्ही कोथरूडमध्ये लहानाचे मोठे झालो. त्यामुळे पहिल्या दिवशी मी ती पाटी वाचली, कोणातरी रिकाम्या माणसाचा उद्योग म्हणून सोडून दिली आणि बेल दाबली. आत बेल वाजलेली मला ऐकू आली. जाळीच्या दारातून आरामखुर्चीत पेपर वाचत बसलेले गृहस्थही दिसत होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. मी पुन्हा बेल दाबली. त्यांनी पान उलटलं. शेवटी आजूबाजूला कोणी ओळखीचं नाही ना हे बघून मी हळूच टाळ्या वाजवल्या. त्याबरोबर ते लगबगीने उठले, फाटक उघडलं आणि म्हणाले, “या. वाचता येतं म्हणजे तुम्हाला.”

हे आमचे पोर्तुगीजचे सर. हिंजवडीतल्या आमच्या कंपनीला ब्राझीलमधल्या साओ पाउलोचं काम मिळालं होतं. आमच्यापैकी काही जणांना तिकडे जाऊन राहावं लागणार होतं, म्हणून जाण्याआधी भाषेची तोंडओळख व्हावी यासाठी कंपनीने आम्हाला सरांकडे धाडलं. आमची अपेक्षा अशी, की मीटिंगमध्ये काय बोलायचं, ईमेल कशी लिहायची, असं काहीतरी शिकवतील. सरांनी पहिल्या दिवशी फळ्यावर एक फाटक काढलं, फाटकाआड एक घर काढलं, आणि सांगितलं की साओ पाउलोत कोणाच्या घरी गेलं की फाटकाशी उभं राहून टाळ्या वाजवायच्या. घरातलं माणूस बाहेर येतं. बेल ही घराची असते, टाळी माणसाची असते, असं त्यांचं म्हणणं.

त्याच दिवशी त्यांनी दुसरीही गोष्ट सांगून टाकली. “मी साओ पाउलोला गेलेलो नाही. ब्राझीललाच गेलेलो नाही. ज्यांना हे खटकत असेल त्यांनी आत्ताच उठावं. चहा तेवढा घेऊन जावं, केलेला आहे.” कोणी उठलं नाही. उठायचं धाडसच झालं नाही.

सर मूळचे गोव्याचे. पोर्तुगीजांचं राज्य होतं तेव्हा तिथल्या प्राथमिक शाळेत ते शिकले, आणि पुढे नोकरीसाठी पुण्याला आले. ते ज्या कारखान्यात लागले तिथे एक परदेशी यंत्र बसवायला साओ पाउलोहून एक फिटर आला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, आणि सबंध कारखान्यात पोर्तुगीज येणारा माणूस एकच. त्यामुळे वर्षभर सर त्याच्याबरोबर सावलीसारखे. यंत्राबद्दल बोलून बोलून किती बोलणार? तो फिटर घरच्या आठवणीने कासावीस व्हायचा आणि आपल्या गावाबद्दल बोलत सुटायचा. आईचं फाटक, कोपऱ्यावरची बेकरी, गल्लीतला आठवड्याचा बाजार. सरांनी ते गाव त्याच्या तोंडून वर्षभर ऐकलं. जाताना तो म्हणाला, तुला बोलावून घेतो. पण त्या काळी परदेशी जाणं म्हणजे सरकारदरबारी इतके उंबरठे झिजवायला लागत, की सरांची पत्रापत्री चालू असतानाच त्या फिटरचा पत्ता बदलला आणि सगळं राहूनच गेलं. पुढे उदारीकरण आलं. कारखान्याने माणसं कमी केली, त्यात सर घरी बसले. आणि त्याच उदारीकरणाने संगणकाच्या कंपन्या आणल्या, त्यांना पोर्तुगीज शिकवणारा माणूस हवा होता. सर म्हणायचे, “एका हाताने काढलं, दुसऱ्या हाताने दिलं. फक्त मध्ये काही वर्षं मला भाजी आणायला लावलं.”

त्यांची शिकवण्याची तऱ्हा सांगून खरी वाटायची नाही. साओ पाउलोत सकाळी बेकरीत जाऊन काउंटरपाशी उभ्याने कॉफी प्यायची पद्धत आहे. पाव मध्ये कापून, लोणी लावून, तव्यावर दाबून भाजलेला, आणि काचेच्या ग्लासात दुधाची कॉफी. हे शिकवायला सर आम्हाला स्वयंपाकघरात घेऊन जात. आम्ही ओट्याला कोपर टेकून उभे, सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, ओट्यापलीकडे जागा नाही म्हणून खिडकीपाशी चेपून उभ्या, आणि आम्ही एकेकाने पोर्तुगीजमध्ये त्यांच्याकडे पाव मागायचा. काकू अस्सल पुण्याच्या. त्यांना पोर्तुगीजचं अक्षर येत नव्हतं, पण कोणाचा उच्चार चुकला हे सरांच्या चेहऱ्यावरून बरोबर ओळखायच्या आणि त्याला पाव द्यायच्या नाहीत.

तिथे बुधवारी आणि शनिवारी काळ्या घेवड्याचा एक पदार्थ असतो, फेजुआदा. त्यात डुकराचं मांस असतं. म्हणून आमच्या वर्गातही बुधवारी काळ्या घेवड्याची उसळ आणि भात असायचा, बाजूला संत्र्याची फोड. मांसाचा प्रश्न काकूंनी आणि माझ्या टीममधल्या इम्रानने मिळून सोडवला. काकूंना ते घरात नको होतं, इम्रानला ताटात नको होतं, तेव्हा त्याजागी ओल्या खोबऱ्याचे जाड काप पडले. कॅम्पात लहानपणापासून चमचमीत खाऊन वाढलेला इम्रान एकदा म्हणाला, “सर, ही साधी उसळच आहे की.” सर म्हणाले, “आज वार कोणता?” तो म्हणाला, बुधवार. “मग ही उसळ नाही,” असं म्हणून सरांनी त्याला आणखी वाढली.

सगळ्यात कहर म्हणजे गालाचा धडा. साओ पाउलोत भेटल्यावर गालाला गाल लावतात, उजवा उजव्याला, एकदाच, आणि ओठ लावायचे नाहीत, नुसता आवाज करायचा. आमच्यासारख्या मराठी मध्यमवर्गीयांना एकमेकांवर हे करायला लावणं शक्यच नव्हतं. सरांनी दिवाणावरचा तक्क्या उभा केला, त्यावर खडूने दोन डोळे आणि नाक काढलं, आणि आम्ही रांगेने त्याला भेटलो. कोणाचं नाक आदळलं, कोणी डाव्या बाजूने शिरलं, तर सर पुन्हा मागे पाठवायचे. काकू कपडे वाळत घालायला जाताना म्हणाल्या, “त्या तक्क्याला ह्या घरात इतकी माया आजवर मिळाली नव्हती.”

गृहपाठही असेच. लिफ्टमध्ये शिरलं की सगळ्यांना ‘बों जिया’ म्हणायचं, म्हणजे शुभ सकाळ, आणि उतरताना निरोप घ्यायचा, ही तिथली रीत. सर म्हणाले, आठवडाभर आपापल्या ऑफिसात हे मराठीत करून या. पुण्यात लिफ्टमध्ये अनोळखी माणसाशी बोलणं म्हणजे काहीतरी विकायचं असणार असाच समज आहे. मी ‘शुभ सकाळ’ म्हटलं की लोक आधी वर पंख्याकडे आणि मग मोबाइलकडे बघायचे. एकाने शेवटी विचारलंच, राजीनामा दिलात का म्हणून. हे सरांना सांगितल्यावर ते खूश झाले. इथेच एकदा परके होऊन घेतलं, आता तिकडे जाऊन परकं वाटणार नाही, असा त्यांचा हिशेब.

काकू साओ पाउलोचं नाव कधी घेत नसत. त्या म्हणत, ‘ह्यांचं गाव’. ह्यांच्या गावात आज पिरपिर पाऊस असेल. ह्यांच्या गावात पाहुणे आठला बोलावले की नऊला येतात, म्हणून आज ह्यांना जेवायला नऊला वाढते. टोमणाच तो, पण इतक्या वर्षांच्या सवयीने घरातल्या माणसासारखा झालेला. मला कधी कधी वाटायचं, हे गाव घराच्या मागच्या अंगणात आहे आणि काकू रोज तिथला केर काढतात.

इम्रान आधी गेला. सहा महिन्यांनी सुट्टीवर आला तेव्हा आम्ही सगळे सरांकडे जमलो. टाळ्या वाजवूनच आत आला तो, पण बसल्या बसल्या त्याने सांगून टाकलं की सर, तिथे टाळ्याबिळ्या कोणी वाजवत नाही. वीस मजली इमारती, खाली काचेच्या खोलीत पहारेकरी, एक फाटक उघडून आत घेतात, ते बंद केल्याशिवाय दुसरं उघडत नाहीत. टाळ्या वाजवल्या तर पोलीस येतील. सर ऐकून घेत होते. मग एवढंच म्हणाले, “तू इमारतीत राहिलास. गावात कुठे राहिलास?” दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा फाटकावरच्या पाटीला नवा रंग दिलेला होता. हात थोडा हलला होता, ‘टाळ्या’मधला ट जरा कलला होता.

त्या दिवशी मी कॉफीचे ग्लास विसळायला ओट्याशी उभी होते, सर शेजारी उभे राहून पुसत होते. मी सहज म्हटलं, सर, तुम्ही एकदा जाऊन का येत नाही, आम्ही सगळे मिळून तिकीट काढू. “मी काही वर्गणीचा गणपती नाही,” ते म्हणाले. मग टॉवेलने एकच ग्लास पुसत राहिले. “गेलो, आणि मी सांगतो त्यातलं काहीच तिथे नसलं, तर परत येऊन तुम्हाला काय शिकवू? आणि शिकवणं राहू दे. इतकी वर्षं मग मी राहिलो कुठे?”

मी पुढचा ग्लास विसळायला घेतला. पुण्याच्या माणसाला टोमण्याला उत्तर देता येतं, असल्या बोलण्याला नाही देता येत.

आणि अशातच कंपनीत वारं फिरलं. एचआरच्या मॅडमना कोणीतरी मोबाइलवर भाषा शिकवणारा कोर्स दाखवला होता, आणि सरांच्या वर्गात उसळ-भात खायला घालतात हेही त्यांच्या कानावर गेलं होतं. नेमकी त्याच आठवड्यात साओ पाउलोहून मार्सिया आली. मार्सिया आमच्या तिकडच्या ग्राहक कंपनीची मॅनेजर, चाळिशीची, भराभर चालणारी बाई. मॅडमनी तिलाच सांगितलं, संध्याकाळी जाऊन तो वर्ग एकदा बघा आणि ठेवायचा की नाही ते सांगा.

सरांना निरोप गेला. त्यांच्या घरी साओ पाउलोचं माणूस येण्याची ही पहिलीच वेळ, त्या फिटरनंतर त्यांनी तिथलं माणूस पाहिलंच नव्हतं. सर इस्त्रीचा शर्ट घालून आरामखुर्चीत बसले होते, हात मांडीवर ठेवून, नजर जाळीच्या दाराकडे. आम्ही सतरंजीवर. काकूंनी बुधवार नसतानाही घेवडा भिजवला होता.

गाडी थांबल्याचा आवाज आला. आणि बेल वाजली.

सर उठले नाहीत. बेल पुन्हा वाजली. पाटी मराठीत होती, मार्सियाला ती कशी वाचता येणार? मी उठायला लागले तर सरांनी हाताने खाली बसवलं. “ती नाही,” ते हळूच म्हणाले. “तिथली असती तर टाळी वाजवली असती.” बेल तिसऱ्यांदा वाजली. सरांचा चेहरा पार उतरला होता. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघून त्यांनी डोळ्यांनीच खुणावलं. मी मागच्या दाराने निघाले, बंगल्याला वळसा घालून फाटकाशी गेले आणि मार्सियाला पाटीचा अर्थ सांगितला.

ती आधी मोठ्याने हसली. मग हसता हसता थांबली. म्हणाली, असं आमच्या आजीकडे करतात, मी लहानपणी तिच्या फाटकाशी उभी राहून करायचे, इमारतीत राहायला लागल्यापासून विसरूनच गेले होते. आणि तिने बॅग माझ्या हातात देऊन टाळ्या वाजवल्या, लहान मुलीसारख्या, कोपरं वर करून. सर इतक्या घाईने आले की एक चप्पल दारातच राहिली.

तो सगळा वेळ दोघं बोलत होती आणि आम्ही निम्मं कळून निम्मं न कळून ऐकत होतो. मार्सियाने काकूंचा घेवडा दोनदा मागून घेतला. खोबऱ्याबद्दल तिने काही विचारलं नाही. शेवटी ती सरांना म्हणाली, तुम्ही अगदी माझ्या आजीसारखं बोलता, ते शब्द आता आमच्याकडे कोणी वापरत नाही. आजी अजून जुन्या गिरण्यांच्या भागातल्या तिच्या बैठ्या घरात राहते, तुम्ही एकदा याच. सरांनी तिचे आभार मानले आणि फळा पुसायला लागले. पुसलेलाच फळा पुन्हा पुसत होते.

मार्सियाने कंपनीला वर्गाबद्दल चांगलंच सांगितलं. कंपनीने तिचं म्हणणं अतिशय आदराने ऐकलं आणि मोबाइलचा कोर्स घेतला. वर्ग बंद झाला. फाटकावर टाळ्या वाजेनाशा झाल्या. मला याचा फार राग आला, अजूनही येतो, पण त्या रागाने झालं काहीच नाही. थोड्याच दिवसांत माझीही साओ पाउलोला रवानगी झाली.

सरांना तिकडे पाठवलं ते काकूंनी. त्यांनी फोनवर मला सांगितलं तसं लिहिते. सर दिवसभर आरामखुर्चीत बसून राहायला लागले, तेव्हा एकदा पोळ्या लाटता लाटता त्या म्हणाल्या, “आता शिकवायला कोणी येत नाही. तुमचं गाव खोटं निघालं तर कोणाचं नुकसान होणार आहे? जाऊन बघून या. नसलं तर नसलं.” काकूंना स्वतःला विमानाची भीती, त्यामुळे त्या येणार नव्हत्या. सरांनी स्वतःच्या पैशाने तिकीट काढलं.

मी त्यांना विमानतळावर घ्यायला गेले. गाडीत ते खिडकीबाहेर बघत बसले. माझ्या इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरताना मात्र त्यांनी अंग सावरलं आणि सगळ्यांकडे बघून ‘बों जिया’ म्हटलं. आणि सगळ्या लिफ्टने, कुत्रं घेऊन निघालेल्या बाईपासून पेपरवाल्यापर्यंत, त्यांना उत्तर दिलं. सर वरच्या मजल्यावर उतरताना एकेकाचा निरोप घेत राहिले, दार दोनदा बंद होता होता उघडलं. दुसऱ्या दिवशी बेकरीत काउंटरला कोपर टेकून कॉफी प्यायले. बुधवारी घेवडा खाल्ला. गल्लीतल्या बाजारात चौकोनी करंजीसारखं तळण आणि उसाचा रस घेतला. हे सगळं होतं तिथे. पण सर खुलत नव्हते. प्रत्येक इमारतीशी थांबून ते काचेच्या खोलीतल्या पहारेकऱ्याकडे आणि दोन दोन फाटकांकडे बघत आणि पुढे चालू लागत. एकदा म्हणाले, “इम्रान खरं सांगत होता.”

रविवारी आम्ही मार्सियाच्या आजीकडे निघालो. मार्सिया आधीच तिकडे पोचली होती. भुयारी गाडीने जाऊन पुढे चालत गेलो. विटांच्या जुन्या चिमण्या, डोक्यावर तारांचा गुंता, फुटपाथला लागून बैठी घरं आणि लोखंडी फाटकं. सर हळूहळू चालत होते. हा भाग त्यांना फिटरच्या तोंडून पाठ होता, पण चेहऱ्यावर मात्र परीक्षेला निघालेल्या मुलाची कळा.

फाटक सापडलं. फाटकाच्या खांबावर बेल होती. नवी, पांढरी, खाली लहानसा दिवा लागलेली.

सर तिच्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, “ज्याच्या घरी जायचं त्याची रीत पाळायची.” आणि आयुष्यभर आपल्या घरची बेल कोणाला वाजवू न दिलेल्या या माणसाने ती बेल दाबली.

आत बेल वाजली. कोणी आलं नाही. त्यांनी थोडं थांबून पुन्हा दाबली. घरात कोणी बोलत होतं, ते बोलणंही बंद झालं. “नसतील घरात,” सर म्हणाले आणि वळलेच. “चल.”

मी खिडकीकडे पाहिलं. पडदा अर्धा सरकवलेला होता. आत खुर्चीत एक म्हातारी बाई बसली होती, चांगले कपडे करून, हात मांडीवर ठेवून, नजर थेट आमच्याकडे. मागे मार्सिया उभी होती आणि दार उघडायची तिला परवानगी नव्हती हे लांबूनही कळत होतं. अशी बसलेली व्यक्ती मी आधी एकदाच पाहिली होती, कर्वेनगरात.

“सर,” मी म्हटलं, “टाळ्या वाजवा.”

त्यांना आधी कळलं नाही. मग त्यांनी खिडकीकडे पाहिलं. हात वर केले, पण पहिली टाळी लागलीच नाही. दुसरी लागली. मग ते वाजवतच राहिले.

दार उघडलं. आजी काठी टेकत फाटकापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “बेल वीजवाल्यासाठी लावली आहे. नात म्हणाली होती, टाळ्या वाजवणारे गृहस्थ येणार आहेत. मी त्यांची वाट बघत बसले होते.”

सर रडत होते. लपवायचा प्रयत्नही केला नाही त्यांनी. आजींनी गाल पुढे केला, आणि आम्हा सगळ्यांना तक्क्यावर घोटून घोटून शिकवणारे सर डाव्या बाजूने शिरले. नाकावर नाक आदळलं, चष्मा फाटकात पडला. जन्मात पहिल्यांदाच करत होते ते. आजींनी त्यांचे खांदे धरून त्यांना मागे घेतलं आणि उजव्या बाजूने पुन्हा यायला लावलं.

जेवणं झाल्यावर मी अंगणात येऊन काकूंना फोन लावला. फाटक, बेल, टाळ्या, चष्मा, सगळं सांगितलं. आत सर आणि आजी एकमेकांच्या चुका काढत गप्पा मारत होते, ते ऐकू यावं म्हणून फोन दाराकडेही धरला. पलीकडे भांड्यांची आवराआवर चालली होती, ती थांबली.

मग काकू म्हणाल्या, “म्हणजे आहे तर ते गाव.”